सर्व्हर वाढवण्याआधी रांग बघा

‘ॲप स्लो झालं? दोन सर्व्हर वाढवा.’ क्लाउड आल्यापासून हा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नवा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो आणि त्याच्या भाड्यापेक्षा अनुभवी डेव्हलपरचे दोन दिवस महाग पडतात. सीपीयू खरोखरच शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर उपाय बरोबरही आहे. पण रिक्वेस्टचा वेळ दोन गोष्टींत जातो: काम करण्यात आणि ताटकळण्यात. ती कुठे ताटकळते हे न पाहता सर्व्हर वाढवले, तर बिल तेवढं वाढतं.

पीएचपीचंच बघा. तिथे सेशन मुळात फाइलमध्ये राहतं. रिक्वेस्टने सेशन उघडलं की त्या फाइलला लॉक लागतो आणि एरवी रिक्वेस्ट संपेपर्यंत तो सुटत नाही. समजा, डॅशबोर्ड उघडताच ब्राउझरने एकदम सहा रिक्वेस्ट धाडल्या आणि पहिलीचा रिपोर्ट तयार व्हायला चार सेकंद लागले. उरलेल्या पाच तेवढा वेळ नुसत्या खोळंबून राहतात. सीपीयू निवांत, डेटाबेस निवांत, लॉगमध्ये मात्र सहाही रिक्वेस्ट स्लो! इथे दहा सर्व्हर जोडले तरी फरक शून्य, कारण लॉक त्या एका युजरच्या सेशनवर आहे. उपाय एका ओळीचा आहे: सेशनमध्ये लिहून झालं की ते तिथल्या तिथे बंद करायचं. नुसतं वाचायचं असेल, तर वाचताक्षणी लॉक सोडण्याची सोय पीएचपी 7 पासून आहेच.

‘पण आमच्याकडे मॉनिटरिंग आहे, ग्राफ ठीक दिसतो,’ असं यावर उत्तर येतं. फेब्रुवारी 2013 मध्ये रॅप जीनियस या गाण्यांच्या बोलांच्या साइटने हेरोकू या क्लाउड होस्टिंग सेवेवर जाहीर टीका केली, ती याच मुद्द्यावर. कोणता डायनो (ॲप चालवणारा कंटेनर) मोकळा आहे हे न बघता हेरोकूचा राउटर रिक्वेस्ट कुठेही टाकत होता. एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणाऱ्या रेल्स ॲपमध्ये त्या साचत गेल्या आणि न्यू रेलिक या मॉनिटरिंग टूलच्या ग्राफमध्ये हा खोळंबा दिसतच नव्हता. हेरोकूने चूक मान्य करून माफी मागितली.

सरासरीही अशीच फसवते. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी 2013 मध्येच हिशेब मांडला होता. एकेका सर्व्हरवर शंभरात एकच रिक्वेस्ट सेकंदाहून जास्त वेळ घेत असेल, पण एका उत्तरासाठी अशा शंभर सर्व्हरना विचारावं लागत असेल, तर 63 टक्के युजर सेकंदापेक्षा जास्त थांबतात.

तिसरा पक्ष स्टिकी सेशनवाल्यांचा. युजरला एकाच सर्व्हरशी बांधलं की सेशन त्याच्याच मेमरीत ठेवता येतं, हे खरं. पण मग नवा सर्व्हर जोडूनही जुने युजर जुन्यालाच चिकटून राहतात. ऑटोस्केलिंगने तो सर्व्हर काढला, की भरत आणलेला फॉर्म टाकून युजर थेट लॉगिन पानावर! ‘मग सगळं युजरकडच्या टोकनमध्ये ठेवू’ म्हणावं, तर दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायला सर्व्हरवर नोंद ठेवावीच लागते.

त्यापेक्षा सेशन रेडिससारख्या सामायिक ठिकाणी, मुदत घालून ठेवावं. त्यात युजर आयडी आणि चार किरकोळ गोष्टी पुरेत. खरेदीची कार्ट डेटाबेसमध्येच बरी. कारण लॉक नसेल आणि दोन रिक्वेस्टनी एकाच वेळी सेशन लिहिलं, तर एकीचं लिहिलेलं पुसलं जातं. प्रत्येक रिक्वेस्टला आयडी द्यावा. लोड बॅलन्सर, रांग, सेशन, डेटाबेस आणि कोड यांचा वेळ वेगवेगळा नोंदवावा आणि सरासरीऐवजी पी95, पी99 (95 आणि 99 टक्के रिक्वेस्ट ज्या वेळात उरकतात, तो वेळ) पाहावेत.

सर्व्हर वाढवण्याची मागणी आली, की टीम लीडने आधी ही पाच टप्प्यांची नोंद मागावी. ती जोडलेली नसेल, तर मागणी परत पाठवावी.