संप त्यांचा, चूल कुणाची?

४ डिसेंबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. आमच्या पुसद तालुक्यातल्याही गेल्या. हे दिवस कापूस वेचणीचे. सकाळी भाकर बांधून बायका वावरात जातात आणि तीन-चार वर्षांचं पोर अंगणवाडीत सोडतात. संपाच्या दुसऱ्या आठवड्यात अशीच एक आई काखेत पोर घेऊन धरण्याच्या ठिकाणी आली आणि म्हणाली, "बाई, तुमचा संप खरा हाय. पण माह्या लेकराले मी कोठी ठेवू? वेचणी थांबते का?" तिथे बसलेल्या बायकांपैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. एका सेविकेने पोराला मांडीवर घेतलं, आई वावरात गेली, आणि त्या दिवसापुरतं भागलं.

तो संप बावन्न दिवस चालला. सेविकेला महिन्याला दहा हजार आणि मदतनीस बाईला साडेपाच हजार मानधन होतं. मागणी सव्वीस हजार पगाराची आणि ग्रॅच्युइटीची होती. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयानेच एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला होता. १९७५ पासून ही योजना चालू आहे, तरी या बायकांना सरकार कामगार म्हणत नाही, 'मानसेवी' म्हणतं. पगार मागितला की त्या सेवाभावी ठरतात. पण मार्च २०१८ मध्ये याच बायकांना अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला गेला आणि बरीच ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला. पगारापुरत्या त्या कामगार नाहीत, संप मोडण्यापुरत्या मात्र आहेत.

त्याच हिवाळ्यात स्वीडनमध्ये आणखी एक संप चालू होता. टेस्ला या बड्या मोटार कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांमधले मेकॅनिक २७ ऑक्टोबर २०२३ पासून संपावर होते. कुठे स्वीडन आणि कुठे पुसद, असं तुम्ही म्हणाल. आमच्या बैठकीत एका कार्यकर्तीने ही हकीगत सांगितली तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. पण पुढचं ऐकून मी गप्प बसले. संपावर गेलेले कामगार फार नव्हते, जेमतेम सव्वाशे-दीडशे असतील. समोर जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाची कंपनी. अशा वेळी बंदरातल्या कामगारांनी सांगितलं की आम्ही टेस्लाच्या गाड्या जहाजावरून उतरवणार नाही. टपाल कामगारांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट पोचवणं थांबवलं. विजेच्या कामाचे कामगार तिथलं काम करेनात, सफाई कामगार तिथे झाडू मारेनात. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडच्या वाहतूक संघटनाही त्यात उतरल्या. यांतल्या एकालाही त्या संपातून दमडी मिळणार नव्हती.

मग त्यांनी हे का केलं? निव्वळ दया म्हणून नव्हे. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. तिथे पगार ठरतात ते संघटना आणि मालक यांच्या करारांनी. एका बड्या कंपनीने करार नाकारला आणि ते खपून गेलं, तर उद्या बाकीचे मालकही तेच करतील, हे बंदरावरच्या हमालालासुद्धा कळतं. शिवाय असा पाठिंब्याचा संप तिथे कायद्याने चालतो. आणि संपावरच्या माणसाला संघटनेच्या निधीतून पगार मिळतो. त्याची चूल विझत नाही. एवढं करूनही कंपनी नमली असं नाही. तिने दुसरे कामगार आणले आणि दोन वर्षं उलटली तरी संप मिटला नव्हता. म्हणजे एकजूट हा काही जादूचा मंत्र नाही. पण सव्वाशे-दीडशे माणसं इतके दिवस उभी राहिली, ती दुसऱ्यांच्या बळावर.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही का? झालं आहे. पण ते संघटनांच्या इतिहासात क्वचित लिहिलं जातं, कारण ते स्वयंपाकघरात झालं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत. १९७४ च्या सुमारास गिरण्यांचा लांबलेला संप झाला तेव्हा (योगायोग असा की तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री आमच्या पुसदचे वसंतराव नाईक होते) या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. वाण्याचं देणं वाढलं, सावकाराचं व्याज वाढलं, पण ताट वाढणं थांबलं नाही. संप मिटला, कामगार कामावर गेले, आणि कर्ज बायकांच्या डोक्यावर राहिलं. ते पाहून कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली.

मैत्रिणींनो, हा संपनिधीच होता की! फक्त त्याला पावतीपुस्तक नव्हतं. सभेत भाषण करणाऱ्याचं नाव राहिलं आणि महिनाभर वीस माणसांचं पीठ मळणारीचं नाव कुठेच नाही. इंग्लंडमध्ये १९८४-८५ साली खाणकामगारांचा वर्षभर संप चालला, तेव्हाही खाणवस्त्यांतल्या बायकांनीच सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. फरक एवढाच की त्या स्वयंपाकघरात थांबल्या नाहीत. खाणीच्या दारावर उभ्या राहिल्या, सभांतून बोलल्या, आपल्या गटांचं देशव्यापी जाळं बांधलं. अर्थात तो संप हरला, आणि १९८२ चा आपला गिरणी संपही हरला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, पण मालकांचं कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जातच राहिलं. यंत्रमागावरचा कामगार गिरणी कामगारापेक्षा गरीब होता, असंघटित होता, त्याला दोष देणं सोपं आहे. त्याच्याकडे आधी कोण गेलं होतं, हे विचारायला हवं.

आता आमच्या तालुक्याकडे येते. पुरुषांचा संप असतो तेव्हा बायकांची चूल त्याला धरून ठेवते. बायकांचा संप असतो तेव्हा कोण धरतं? बावन्न दिवसांचं मानधन बुडालं. एक मदतनीस बाई धरण्यावरून दुपारी उठायची आणि वावरात किलोच्या भावाने कापूस वेचायला जायची, कारण घरात तिच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. दुसरीच्या नवऱ्याने सुनावलं, धरण्यावर बसायचं तर स्वयंपाक करून बस. ती करून बसली. मोठ्या कामगार संघटनांनी काय दिलं? पाठिंब्याचं पत्रक आणि अर्ध्या तासाचं भाषण. निधी नाही, आणि आमच्यासाठी एक दिवस काम बंद ठेवणं तर नाहीच.

त्याहून खुपणारी गोष्ट आपल्यातली आहे. एका गावात सेविकेकडून अंगणवाडीची किल्ली मागून घेतली आणि खिचडी शिजवायला शेजारच्याच बाईला सांगितलं. तिने शिजवली. तिला चार पैसे हवे होते, आणि पोरं उपाशी राहू नयेत असंही वाटत होतं. तिला फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आशाताई? एकाच गावात, एकाच लसीकरणाच्या दिवशी, सेविका आणि आशा शेजारी बसून काम करतात. पण आशांचा संप १८ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला, आश्वासनावर थांबला, आदेश निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. अंगणवाडीचा २५ जानेवारीला मागे घेतला गेला. म्हणजे दोघी एकत्र संपावर होत्या त्या जेमतेम दोन आठवडे, आणि तेही ठरवून नव्हे. सरकार एकच, गाव एकच, मागण्या बहिणीसारख्या, तरी तारखा वेगळ्या. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आधी एकत्र बसून तारीख ठरवली असती तर? हा प्रश्न मी दोन्हीकडे विचारला. दोन्हीकडे उत्तर मिळालं, "त्यांची संघटना वेगळी आहे ना!"

पुढचे दिवस सोपे नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. आता कारखान्यातल्या कामगारालाही संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संप धरला जातो. पाठिंब्याचा संप तर दूरच. इंग्रज सरकारने १९२८ च्या मोठ्या गिरणी संपानंतर, १९२९ च्या कायद्यात, असल्या संपांवर बंदी घातली होती. दुसऱ्यासाठी काम थांबवणारा कामगार राज्यकर्त्यांना सर्वांत जास्त खुपतो, एवढं त्यावरून कळतं. पण शेजारणीचं काम आपण हाती घ्यायचं नाही, तिच्या घरी शेरभर ज्वारी पोचवायची, तिचं पोर सांभाळायचं, याला कुठला कायदा आडवा येतो?

म्हणून आम्ही आमच्या गटात तीन गोष्टी मांडल्या. दरमहा दहा रुपये बाजूला काढून संपासाठीची वेगळी पेटी ठेवायची. सेविका, आशा आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायका यांनी वर्षातून दोनदा तरी एकत्र बसायचं आणि एकीच्या संपात दुसरीने तिची किल्ली घ्यायची नाही. आणि संपाच्या काळात वस्तीतली पोरं दोन-तीन घरांत पाळीपाळीने सांभाळायची, म्हणजे आयांची वेचणी बुडणार नाही.

तिसरी गोष्ट ठरवताना त्या धरण्यावर आलेल्या आईलाही बोलावलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चालते. पण आम्ही वेचणीचा भाव वाढवून मागू, तवा वावराच्या बांधावर तुम्ही याल का?" बैठकीतल्या निम्म्या सेविकांच्या घरी शेती आहे आणि त्यांच्याही वावरात मजूर लागतात. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. ती बैठक या महिन्यात आहे, आणि त्या बाईने येते म्हणून सांगितलं आहे.