ओशाळावे कोणी?

मराठीत लाजेसाठी अनेक शब्द आहेत. नवी नवरी लाजते, खोटे उघडे पडले की माणूस खजील होतो. ‘ओशाळणे’ याहून खोल आहे. ओशाळलेल्याची मान आपोआप खाली जाते. ‘ओशाळा’ या शब्दाला उपकाराखाली दबलेला, मिंधा असाही जुना अर्थ आहे. या दुसऱ्या अर्थाने आपल्या लेकरांचे फार नुकसान केले.

नोकरीत नवा असताना मी शिष्यवृत्तीधारकांची नावे भरवर्गात वाचून त्यांना उभे करीत असे. त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नसे. एकदा एक हुशार मुलगा नाव पुकारूनही उठला नाही. दप्तरात तोंड घालून बसला. त्याचा गुन्हा कोणता? शिष्यवृत्ती त्याचा हक्क होता. माझ्या रीतीने तिला उपकाराचे रूप आले. ओशाळायला हवे होते ते मी. ती यादी मी पुन्हा वर्गात वाचली नाही.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. आपल्या परभणीप्रमाणे तो मुलूखही तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तोच पाणी बाटविल्याचा गिल्ला झाला. आत कोठेही पाण्याला शिवू नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. तो अपमान त्यांनी लपविला नाही, कारण त्यातील लाज त्यांची नव्हतीच.

तथागतांनी हिरी आणि ओत्तप्प यांना जगाचे रक्षण करणारे दोन शुभ्र धम्म म्हटले आहे. हिरी म्हणजे दुष्कृत्याची मनातून वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांचे भय. दोन्हींचा संबंध माणसाच्या कृतीशी आहे. जन्म, आडनाव, आईची मजुरी, अंगावरचे जुने कपडे यांच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. लाज हा शब्द मुलांच्या मनातून पुसू नका; त्याची जागा तेवढी बदला. कॉपी केली, दुबळ्याला छळले, बहिणीचे शिक्षण अडविले, तर अवश्य ओशाळावे. परंतु येलदरीहून बाहेर पडलेल्या मुलाला कोणी गाव, आडनाव विचारले, तर त्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यावे.