भिंती तुमच्या, जमीन त्यांची!

वर्सोव्यापासून वसईपर्यंत समुद्रालगतच्या जुन्या वसाहतींत आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्या माणसाची दिवसाढवळ्या लूट चालली आहे, आणि त्या लुटीवर सरकारचा शिक्का आहे!

१९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याचे कलम ११ बिल्डरला बजावते, की जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून दे. करारात मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत! इथे चाळीस-चाळीस वर्षे उलटली, तरी कित्येक वसाहतींच्या मालमत्ता पत्रकावर नाव बिल्डरचे, नाहीतर मूळ जमीनमालकाचे. ‘लेआउटमधली शेवटची इमारत व्हायची आहे’ अशी सबब सांगायची, आणि वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, हाती आला की पोरांच्या मैदानावर टॉवर चढवायचा. याला दिरंगाई म्हणणे म्हणजे दरोडेखोराची आरती ओवाळणे होय.

किनाऱ्यावर हा दरोडा जिवावर बेततो. खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, फुगतात, स्लॅब फोडतात. १९९१ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने इथला एफएसआय गोठवला, पुनर्विकास रखडला. २०१९ मध्ये ती अट सैल झाली. पण जमीन नावावर नसलेली सोसायटी पुनर्विकासाला निघाली, की जुना बिल्डर आडवा येतो आणि सहीची किंमत मागतो.

आणि सरकार? मुंबईत प्रत्येक फेरविक्रीवर मेट्रो अधिभारासह साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क ते चोख वसूल करते. जमीन सोसायटीच्या नावे झाली का, एवढे विचारण्याची तसदी मात्र घेत नाही. २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणली: बिल्डर टाळत असेल तर सोसायटीने अर्ज करून त्याच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घ्यावी. म्हणजे गुन्हा बिल्डरचा आणि उपनिबंधकाकडे हेलपाटे रहिवाशांचे! मोफाच्या कलम १३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. किती बिल्डर गजाआड गेले? हिंमत असेल तर सरकारने आकडा जाहीर करावा!

आमची मागणी स्वच्छ आहे. अशा वसाहतींची यादी सरकारनेच काढावी, अर्जाची वाट न पाहता जमीन सोसायटीच्या नावे करावी, सारा खर्च बिल्डरकडून वसूल करावा.

खरेदीदारांनो, खिडकीतल्या समुद्राला भुलून बयाणा मोजू नका. आधी मालमत्ता पत्रक आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. पत्रकावर सोसायटीचे नाव नसेल तर भाव पाडा, नाहीतर उठून चालते व्हा. जमिनीशिवाय घराला गिऱ्हाईक मिळेनासे होईल, त्या दिवशी या लुटारूंची दुकाने बंद पडतील!