हार मानण्याची तालीम

चाळिशी उलटलेल्या माणसानें करावयाचा व्यायाम म्हणजे पहांटेचें फिरणें, दहाबारा सूर्यनमस्कार आणि फार झालें तर चार आसनें, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदींच चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गेल्या तीस वर्षांत अमेरिका, यूरोप व ब्राझील येथील शहरांतून वकील, डॉक्टर, शिक्षक, कचेरींतले कारकून अशीं बिऱ्हाडकरू माणसें दिवसाचें काम आटोपून संध्याकाळीं जाड कापडाचा अंगरखा चढवितात आणि गादीवर कुस्ती खेळावयास जातात. मुंबई-पुण्याकडेही आतां असे वर्ग निघाले आहेत. या मंडळींस पैलवान व्हावयाचें नसतें, बक्षिसाचीही आशा नसते. मग तीं तेथें काय शिकतात, हें पाहण्यासारखें आहे.

या विद्येस ब्राझिलियन जुजुत्सु म्हणतात. मूळ मात्र जपानांतलें. जिगोरो कानो या विद्वान् शिक्षकानें १८८२ सालीं टोकियोंत कोदोकान नांवाची शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूंतले घातक प्रकार सरावांतून वगळून त्यास जुदोचें रूप दिलें. त्या शाळेंत तयार झालेला मित्सुयो माएदा देशोदेशीं कुस्त्या मारीत १९१४ सालीं ब्राझीलमध्यें उतरला व पुढें ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरीं स्थायिक झाला. तेथें ग्रेसी कुटुंबांतील कार्लोस हा मुलगा त्याच्या हाताखालीं शिकला, आणि १९२५ सालीं रिओ द जानेरो येथें ग्रेसी बंधूंची तालीम निघाली. धाकटा हेलिओ अंगानें किरकोळ, म्हणून त्यानें बळाऐवजीं तरफेच्या युक्तीवर भर देऊन ही विद्या नवी घडविली, असें त्या घराण्यांत सांगतात. घराण्याच्या कथा बहुधा घराण्याच्या सोयीच्या असतात. जमिनीवरील डाव जपान्यांसही उत्तम अवगत होते. तथापि उभ्यानें फेकण्यापेक्षां जमिनीवरील झटापटीस या भावांनीं जें महत्त्व दिलें, तें या विद्येचें आजचें वैशिष्ट्य होऊन बसलें, एवढें निर्विवाद.

आपल्या कुस्तीशीं ताडून पाहिलें म्हणजे भेद चटकन् ध्यानांत येतो. आपल्याकडे पाठ मातीस लागली कीं निकाल लागला. येथें पाठ लागली कीं खेळास रंग भरतो. उताणा पडलेला मनुष्य आपले पाय वरच्याच्या कमरेभोंवतीं गुंतवितो, त्याची बाही व गळपट्टी धरून त्याचा तोल मोडतो, आणि पायांच्याच कात्रींत त्याची मान किंवा कोंपर सांपडवितो. नवशिक्यास पहिल्या दिवशीं जी हालचाल शिकवितात ती कुशीवर वळून, कंबर मागें सारीत, ओझ्याखालून निसटण्याची. जपानींत तिला कोळंबीचें नांव आहे. आमच्या सारस्वत वाचकांस उपमा ताबडतोब पटेल, इतरांनीं शब्दावर विश्वास ठेवावा.

या खेळांत ठोसे, लाथा नाहींत. प्रौढांस हा खेळ झेपतो याचें मुख्य कारण तेंच. मुष्टियुद्धाचा सराव रोज पुऱ्या जोरानें केला तर डोक्यास कायमची इजा होते, म्हणून तो लुटुपुटीचा करावा लागतो. येथें मात्र समोरचा मनुष्य खरोखर प्रतिकार करीत असतां डाव लागतो कीं नाहीं हें रोज अजमावतां येतें. अशा मोकळ्या झुंजीचा पाठ कानोनेंच घालून दिला होता. ती सुखरूप पार पडते ती एका संकेतामुळें. सांधा वांकूं लागला किंवा मान आवळली गेली कीं सांपडलेल्यानें प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर अगर गादीवर दोनतीन वेळां हात थोपटावा. पकडणाऱ्यानें त्याच क्षणीं सोडावें. तोंडानें सांगितलें तरी चालतें. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर कांहीं सेकंदांतच शुद्ध हरपते, त्यामुळें या संकेताचा मान राखणें हा शिष्टाचार नसून नियम आहे. आपल्याकडे दंड थोपटले कीं कुस्तीस आरंभ. येथें हात थोपटला कीं शेवट. मग दोघेही बसते होतात, हात मिळवितात आणि पुन्हां लागतात. एका संध्याकाळीं नवशिक्या दहादां हरतो.

हें हरणें प्रौढास जड जातें. ज्याचा शब्द घरांत कोणी मोडीत नाहीं, कचेरींत ज्याच्यापुढें माणसें उभीं राहून बोलतात, त्या गृहस्थास कालेजांतलें एक पोर, किंवा त्याच्याहून पंधरा शेर हलकी अशी एखादी बाई, पाठीवर पाडून हात थोपटावयास लावते. कांहीं जण दुसऱ्या आठवड्यापासून दिसेनासे होतात. कांहीं दांतओंठ खाऊन बळ लावतात व दोन मिनिटांत धापा टाकतात. जे टिकतात ते हळूहळू असें शिकतात कीं पकड पुरी बसण्यापूर्वींच आपण अडकलों आहों हें ओळखावें, वेळींच सोडवून घ्यावें आणि मागाहून शांतपणें विचारावें, "हें कसें केलेंत?" आमच्या मतें या विद्येंतील सर्वांत किंमती डाव तो हाच.

याच्या उलट बाजूची हकीकत खुद्द हेलिओचीच आहे. १९५१ सालीं रिओच्या माराकाना क्रीडागारांत त्याची गांठ मासाहिको किमुरा या जपानी जुदोवीराशीं पडली. किमुरा वजनानें बराच भारी. त्यानें हेलिओचा हात मागें मुरगाळला. हाड मोडलें तरी हेलिओनें हात थोपटला नाहीं, शेवटीं कार्लोसनें त्याच्या वतीनें हार मानली. तो डाव पुढें किमुरा याच नांवानें प्रसिद्ध झाला. जिंकणाऱ्याचें नांव डावास राहिलें आणि हरलेल्यांनींच तें जगभर नेलें, ही दिलदारी खरीच. पण हेलिओच्या हट्टाचें कौतुक करणाऱ्या गृहस्थांस आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं लेखणी कोणी धरावी, आणि म्हाताऱ्या आईस हात देऊन कोणी उठवावें? हेलिओचा धंदाच लढण्याचा होता. हौशी माणसाचें कोंपर त्याच्या एकट्याच्या मालकीचें नसतें.

हेलिओचा मुलगा रॉयस यानें १९९३ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं एका रात्रींत तीन योद्ध्यांस शरण आणिलें, तेव्हांपासून या विद्येचा बोलबाला झाला. दुर्बळ सबळास नेहमींच जिंकतो अशी जाहिरात मात्र कोणी केली तर ती अर्धीच खरी मानावी. कौशल्य सारखें असेल तर वजन व वय आपला वांटा घेतातच. म्हणून तर सामन्यांत दोहोंचेही गट पाडतात.

उशिरां आरंभ करणाऱ्यांत न्यूयॉर्कचा बल्लव व लेखक अँथनी बोर्डेन याचें उदाहरण सांगण्याजोगें आहे. तरुणपणीं तो अमली पदार्थांच्या व्यसनांत बुडाला होता, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्याच्या घरीं ही विद्या प्रथम आली ती पत्नीच्या हौसेनें. यजमान मागाहून, साठीच्या उंबरठ्याजवळ, गादीवर उतरले. २०१६ सालीं एकोणसाठाव्या वर्षीं त्यानें न्यूयॉर्कच्या एका खुल्या सामन्यांत निळ्या पट्ट्याच्या प्रौढ गटाचें सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं तो वारला.

पट्टे पांच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोंचावयास साधारण दहा वर्षें लागतात, आणि बहुतेक हौशी तेथवर जातही नाहींत. बोटांचे सांधे सुजतात, गुडघे कुरकुरतात, कान घांसून घांसून जाड होतात. नायट्याचा संसर्ग गादीवरून घरांत यावयास वेळ लागत नाहीं. यास्तव नखें काढलेलीं असावींत, अंगरखा प्रत्येक खेपेस धुवावा, घरीं परततांच मुलांस उचलण्यापूर्वीं स्नान करावें. पाठीचें किंवा मानेचें जुनें दुखणें असेल त्यानें आधीं डॉक्टरास विचारावें. वर्गाचे पैसे भरण्यापूर्वीं एक संध्याकाळ भिंतीशीं बसून नुसतें पाहावें: थोपटतांच हात सुटतो कीं क्षणभर मागाहून, आणि मागाहून सुटला तर वस्ताद त्या शिष्यास काय बोलतो. तो कांहींच बोलत नसेल तर जोडे घालून घरीं यावें; दुसरा वर्ग सांपडतो.