गर्भाला हवेत डायलिसिसचे तास

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर जगणाऱ्या बाईला दिवस गेले, की अनेकदा तिला एकच सल्ला मिळतो : गर्भ पाडून टाका. धोका खराच आहे. रक्तदाब चढतो, रक्त कमी पडते, मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कधी आईच्याच जिवावर बेतते. पण ‘हे शक्यच नाही’ असे सांगणे खोटे आहे. डायलिसिसवरील बाईच्या सुखरूप बाळंतपणाची पहिली नोंद १९७१ साली इटलीतून आली.

मग मूल वाचते कशाने? टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१४ साली आपल्याकडील बाळंतपणांची अमेरिकेतील नोंदींशी तुलना करून प्रसिद्ध केली. आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस मिळालेल्या बायकांची ८५ टक्के मुले जिवंत जन्मली. २० तास किंवा त्याहून कमी मिळालेल्यांची ४८ टक्के. रुग्णांची संख्या लहान होती, पण फरक डोळे उघडणारा आहे. आईच्या रक्तात युरिया साचला की गर्भाभोवतीचे पाणी वाढते आणि कळा लवकर सुरू होतात. रक्त जितके अधिक वेळ शुद्ध होईल, तितका गर्भ टिकतो.

आता आपल्याकडे पाहा. २०१६ साली केंद्राने जाहीर केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही ते मिळते. ही सोय मोलाची आहेच. पण नेहमीचे डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. बारा तास कुठे आणि छत्तीस तास कुठे! पैसेवाली बाई उरलेले तास विकत घेईल. खेड्यातल्या शेतमजूर बाईने काय करायचे? रोज एसटीने जिल्ह्याला जायचे, तर भाडे कोण देणार? सोबत येणाऱ्या नवऱ्याची बुडालेली मजुरी कोण भरणार?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, आणि तो भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. डायलिसिसवरची आई त्यातून वगळायची काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. डायलिसिस केंद्रावर प्रत्येक तरुण बाईला आधीच सांगा, की पाळी अनियमित असली तरी दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधनाची सोय द्या. मूल हवे असेल तर आधी मूत्रपिंड प्रत्यारोपण अधिक सुरक्षित, हेही सांगा. आणि धोका समजून घेऊन तिने गर्भ ठेवायचे ठरवले, तर जादा तास, प्रवासखर्च आणि स्त्रीरोग व मूत्रपिंड तज्ज्ञांची एकत्र देखरेख मोफत द्या. गर्भ ठेवायचा की नाही, हे त्या बाईने ठरवावे. तिच्या खिशाने ते ठरवू नये.