पांगारा आणि पाखरू

वसंताच्या उंबरठ्यावर पांगारा फुलतो, तेव्हा त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर साळुंकी, बुलबुल, कोतवाल यांची मधासाठी झुंबड उडते. याच झाडाच्या हलक्या, मऊ लाकडातून सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हुबेहूब फळे, भाज्या आणि खेळणी घडविली. २०२४ मध्ये येथील गंजिफा व लाकडी कलाकुसरीला भौगोलिक मानांकन लाभले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. कलेच्या रक्षणासाठी हात लागतात आणि हातांना लाकूड लागते.

हे हात कोठून यावेत? १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह धरला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशांकडून शिकण्याची कल्पना मांडली. मात्र दहा दिवसांत कलेची ओळख होते, हात बसत नाही. ते कार्य घराचे आहे.

लाकडी पाखराचेच उदाहरण घ्या. चोच किती लांब, शेपूट कोठे वळते, मान कशी कलते, हे पाहिल्यावाचून पटाशी चालत नाही. लाकडाच्या रेषा चोचीच्या दिशेने न धरल्यास चोच मोडते. निसर्गाची ही शिस्त कोणताही पडदा शिकवू शकत नाही. लहानग्याने मातीचे पाखरू करावे, किशोराने वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली लाकूड तासावे, आजी-आजोबांनी रंग भरावेत. तीन पिढ्या एका चटईवर बसतील, असे उद्योग आज घरात उरले तरी किती?

पांगारा लावणेही अवघड नाही. त्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी ती रुजते; म्हणूनच कोकणात तो कुंपणाला आणि मिरवेलीच्या आधाराला लावत आले आहेत. सिमेंटच्या भिंतींनी कुंपणे गिळली, तसे कारागिराचे लाकूड आणि पाखरांचे अन्न दोन्ही हिरावले.

तेव्हा या पावसाळ्यात प्रत्येक शाळेच्या, मंदिराच्या, वसाहतीच्या आवारात एक तरी पांगारा रुजावा आणि मुलांच्या वाढदिवसाला कारागिराच्या हातचे खेळणे घरी यावे. कलेचा गौरव सभागृहात होतो. तिचा संसार मात्र अंगणातच चालतो.