थायरॉइडची ‘स्लो रिलीज’ गोळी : रोजच्या गोळीने बरं न वाटणाऱ्यांसाठी हा खरंच पर्याय आहे का?

सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, पाण्याच्या घोटासोबत एक बारीकशी गोळी घ्यायची आणि मग चहासाठी अर्धा-पाऊण तास ताटकळायचं. आपल्याकडच्या असंख्य घरांत दिवस असा सुरू होतो. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक कमी पडण्याचा आजार असल्याचं आढळलं. दर नऊ-दहा माणसांत एक.

यातल्या बहुतेकांचं या गोळीने भागतं. काहींचं मात्र भागत नाही. रिपोर्टमध्ये टीएसएच नॉर्मल असतं, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, आणि तरी दुपारी चारला अंग गळून जातं, वजन हलत नाही, केस कंगव्यात येतच राहतात. उपचार व्यवस्थित सुरू असूनही तक्रारी कायम राहणाऱ्यांचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान धरलं जातं. ‘तुमच्या गोळीत टी-थ्री नाही, स्लो रिलीज टी-थ्री घ्या’ हा सल्ला रील्समधून नेमका याच लोकांपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाने कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली लिंकही बऱ्याचदा हेच सांगत असते.

हा वाद अमेरिकेत सध्या तापलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, प्राण्यांच्या थायरॉइड ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्यांच्या उत्पादकांना पत्रं पाठवली. या गोळ्यांना कधीच मंजुरी मिळालेली नाही, रुग्णांना मंजूर औषधांवर आणण्यासाठी साधारण वर्षभराचा अवधी देऊ, असं त्यांना कळवण्यात आलं. रुग्णांनी ओरड केल्यावर एफडीएचे आयुक्त मार्टी मकारी यांनी चाचण्यांचे निष्कर्ष येईपर्यंत गोळ्या मिळत राहतील, असं आश्वासन दिलं. पत्रं स्लो रिलीज गोळीबद्दल नव्हती. पण मूळ वाद तोच आहे : नेहमीच्या गोळीत नसलेलं टी-थ्री बाहेरून द्यावं का, आणि द्यायचं तर कसं?

टी-फोर आणि टी-थ्री ही भानगड काय आहे?

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी, मुख्यतः दोन संप्रेरकं तयार करते. टी-फोर भरपूर, टी-थ्री थोडं. प्रत्यक्ष पेशींमध्ये काम करतं ते टी-थ्री. टी-फोर हा त्याचा कच्चा माल. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू असे अवयव टी-फोरमधला आयोडिनचा एक अणू काढून टाकतात आणि गरजेपुरतं टी-थ्री बनवून घेतात. शरीरातलं साधारण ८० टक्के टी-थ्री असं ग्रंथीबाहेर तयार होतं.

हे कळायला बराच काळ गेला. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका रुग्ण महिलेवर उपचार केले. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी टी-फोर वेगळं केलं. टी-थ्रीचा शोध लंडनमध्ये १९५२ साली जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी लावला. आणि ज्यांच्या शरीरात थायरॉइड उरलेलीच नाही, त्यांनाही नुसतं टी-फोर दिलं तर शरीर त्याचं टी-थ्री करतं, हे १९७० मध्ये सिद्ध झालं. त्यानंतर प्राण्यांच्या ग्रंथींची भुकटी मागे पडली आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेलं टी-फोर, हाच जगभरातला प्रमुख उपचार ठरला. तुमच्या कपाटातल्या बाटलीत तेच आहे.

मग टी-थ्री थेट का देत नाहीत?

देता येतं. त्याची गोळी आहे, नाव लायोथायरोनिन. काही विशिष्ट वेळी डॉक्टर ती वापरतातही. उदाहरणार्थ, थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडिन देण्याआधी टी-फोर काही आठवडे थांबवावं लागतं, तेव्हा मधल्या काळापुरती.

अडचण आहे वेगाची. रक्तातलं टी-फोर निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून तर एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी आपल्याला फारसं जाणवत नाही. टी-थ्रीला त्यासाठी फक्त एखादा दिवस लागतो. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातली पातळी झपाट्याने वर जाते आणि मग उतरत राहते. ती वर असताना काहींना धडधडतं, हाताला कंप सुटतो, घाम येतो. निरोगी माणसात टी-थ्रीची पातळी दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते, हे लक्षात घेतलं की स्लो रिलीजची कल्पना का सुचली ते समजतं. गोळीतून औषध एकदम न सुटता हळूहळू सुटलं तर हा चढउतार टळेल, इतका साधा विचार. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, तीच ही कल्पना.

कल्पनेत काहीच खोट नाही. पण टी-थ्रीच्या बाबतीत असं मंजूर, तयार औषध अमेरिकेत आजही नाही.

मग लोक घेतात ते काय?

अमेरिकेत ते ‘कंपाउंडिंग फार्मसी’मध्ये मिळतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषध तिथेच तयार करून देणारं हे दुकान. जुन्या पिढीला दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. लाल औषध बाटलीत ओतून बाहेरून डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवायचा, तोच. आता आपल्याकडे औषध म्हणजे कंपनीचं तयार पाकीट, पण अमेरिकेत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आणि कायद्याने चालतो. एखाद्याला गोळीतल्या रंगाची अॅलर्जी असेल किंवा लहान मुलाला पातळ औषध हवं असेल, तर त्याचा खरा उपयोगही आहे.

स्लो रिलीज टी-थ्रीसाठी तिथे औषधाची भुकटी बहुतेक वेळा सेल्युलोजपासून बनवलेल्या एका पावडरीत मिसळून कॅप्सूलमध्ये भरतात. पोटात गेल्यावर ही पावडर पाणी शोषून जेलीसारखी फुगते आणि औषध त्यातून झिरपत बाहेर येतं. ऐकायला सोपं वाटतं. आता यातलं प्रमाण बघा. टी-थ्रीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. कॅप्सूलमधलं मिश्रण ३०० मिलिग्रॅम आणि औषध ५ मायक्रोग्रॅम धरलं, तर ६० हजार भागांत एक भाग औषध. हे प्रत्येक कॅप्सूलमध्ये अगदी सारखं उतरवणं कारखान्यातही सोपं नसतं.

शिवाय मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटींचा फरक आहे. मोजताना झालेल्या चुकीमुळे ठरलेल्या डोसाच्या शेकडो ते हजारपट टी-थ्री पोटात जाऊन रुग्ण रुग्णालयात पोचल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा वेळी स्लो रिलीज हाच गुण उलटतो, कारण औषध पोटात तासन् तास सुटत राहतं.

या तयार करून दिलेल्या औषधांची सुरक्षितता, परिणाम आणि दर्जा एफडीए विक्रीआधी तपासत नाही. याच संस्थेने साध्या लेव्होथायरॉक्सिनशी कसा व्यवहार केला ते पाहण्यासारखं आहे. अनेक दशकं सर्रास विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांची ताकद एकसारखी नसते, असं कारण देऊन १९९७ मध्ये कंपन्यांना नव्याने मंजुरी घ्यायला लावली. पहिली मंजुरी २००० मध्ये मिळाली. २००७ मध्ये नियम आणखी आवळून सांगितलं, की मुदत संपेपर्यंत गोळीत छापलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असलंच पाहिजे. रोजच्या गोळीला ही शिस्त आणि त्याहून जास्त ताकदीच्या टी-थ्रीला चिठ्ठीवर मोकळीक, हे गणित मला तरी जुळत नाही.

पण काहींना बरं वाटतं, त्याचं काय?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ३३ रुग्णांचा एक अभ्यास आला. टी-फोरचा थोडा भाग कमी करून त्याऐवजी टी-थ्री दिल्यावर त्यांची मनःस्थिती आणि एकाग्रता सुधारली होती. त्यानंतर डझनाहून जास्त चाचण्या झाल्या, पण एकत्र उपचाराचा फायदा सातत्याने दिसला नाही. काही चाचण्यांत मात्र, आपण कोणती गोळी घेतोय हे माहीत नसतानाही, बऱ्याच रुग्णांनी एकत्र उपचाराला पसंती दिली. २००९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात टी-फोरचं टी-थ्री करणाऱ्या एका जनुकात विशिष्ट फरक असलेल्या लोकांना याचा अधिक फायदा होत असावा, असं दिसलं. त्यामुळे ‘हे सगळं मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणारे डॉक्टरही घाईच करतात.

एक मात्र नीट समजून घ्यायला हवं. यातल्या बहुतेक चाचण्या साध्या टी-थ्रीच्या आहेत, स्लो रिलीजच्या नाहीत. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी टी-फोरसोबत स्लो रिलीज टी-थ्री देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातली पातळी अधिक नैसर्गिक राहिली. पण अभ्यास छोटा होता आणि त्याने मोजली ती रक्तातली पातळी. माणसांना दीर्घकाळात बरं वाटलं का, याचं उत्तर त्यात नव्हतं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा कंपाउंड केलेल्या औषधांचा सरसकट वापर करू नये, असंच सांगितलं.

या गोळीच्या मागे एक वादग्रस्त इतिहासही आहे. १९९० च्या सुमारास फ्लोरिडातले डॉक्टर डेनिस विल्सन यांनी रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असूनही शरीराचं तापमान कमी असणाऱ्यांना ‘विल्सन सिंड्रोम’ असल्याचं सांगत स्लो रिलीज टी-थ्रीचा उपचार मांडला. १९९२ मध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाने त्यांना १० हजार डॉलरचा दंड केला आणि परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. या सिंड्रोमला शास्त्रीय आधार नाही, हे थायरॉइड असोसिएशनने नंतर स्पष्ट केलं. आज रील्समध्ये थर्मामीटर काखेत धरून थायरॉइड ‘तपासायला’ सांगितलं जातं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे सापडतं.

धोका नेमका कुणाला?

टी-थ्री जास्त झालं तर पहिला फटका हृदयाला. ठोके अनियमित होऊ शकतात, आणि साठीच्या पुढच्या लोकांत ते पक्षाघाताचं कारण ठरू शकतं. दीर्घकाळ जास्त डोस राहिला तर हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या महिलांची.

गरोदर महिलांसाठी मुद्दा आणखी गंभीर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला आईकडून मिळणाऱ्या टी-फोरवर अवलंबून राहावं लागतं. आईच्या रक्तात टी-थ्री भरपूर आणि टी-फोर कमी असेल, तर तिचा टीएसएच रिपोर्ट चांगला दिसेल आणि बाळाला मात्र कमी पडेल. म्हणून गरोदरपणात, किंवा त्याची तयारी सुरू असताना, लेव्होथायरॉक्सिनच वापरावं असा सल्ला दिला जातो.

आपल्या कपाटातली गोळी मग काय आहे?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट हरवते. टी-फोर हेच शरीराचं स्लो रिलीज टी-थ्री आहे. आठवडाभर रक्तात टिकणारा साठा, ज्यातून प्रत्येक अवयव आपल्याला लागेल तेवढंच टी-थ्री काढून घेतो. कॅप्सूलमधली जेली असा हिशेब करू शकत नाही. काहींच्या शरीरात हे रूपांतर कमी पडत असेल, पण तो निष्कर्ष शेवटचा असावा, पहिला नाही.

आधी साध्या गोष्टी बघायला हव्यात. गोळी चहा-कॉफीसोबत घेतली जाते का? लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर असतं का? अॅसिडिटीची गोळी रोज चालू आहे का? या सगळ्यांनी शोषण कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना अॅनिमिया असल्याचं दिसलं. म्हणजे थकव्याचं कारण लोहाची कमतरता असू शकतं आणि ती भरून काढायला घेतलेली लोहाची गोळी सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबतच गिळली जात असेल, तर थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी होतं. बी-१२, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, पाळी जाण्याचा काळ हेही तपासून घ्यावं लागतं. दहा मिनिटांच्या ओपीडीत एवढं विचारलं जात नाही आणि रीलमधला माणूस मात्र कॅमेऱ्यात बघून ‘तुमचं दुखणं खरं आहे’ म्हणतो. लोक तिकडे वळतात यात नवल नाही.

पुढे काय होऊ शकतं?

नेदरलँड्समध्ये सुमारे ६०० रुग्णांची टी-फोर आणि टी-थ्री एकत्र देण्याची मोठी चाचणी हाती घेण्यात आली आहे. अमेरिकेत जस्ताच्या अणूंशी टी-थ्री जोडून ते हळूहळू सोडणाऱ्या एका औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे. त्यात टी-थ्रीची उसळी कमी आणि उशिरा आली, नंतर काही तास पातळी स्थिर राहिली. पण पहिल्या टप्प्यावरून रुग्णांना फायदा होईल की नाही, हे ठरत नाही.

परदेशात राहणारे काही जण कंपाउंड केलेली टी-थ्री कॅप्सूल आधीच घेत असतील. त्यांनी ती मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून डोस बदलावा. कॅप्सूल फोडून किंवा चावून घेऊ नये. भारतात आल्यावर रक्त तपासायचं असेल तर शेवटची कॅप्सूल किती वाजता घेतली, हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगावं. टी-थ्रीचा आकडा त्या वेळेवर अवलंबून असतो आणि सकाळी आठचा रिपोर्ट दुपारी बाराच्या रिपोर्टपेक्षा अगदी वेगळा येऊ शकतो.